लाटेत जे वाहून गेलं नाही

बांदा आचेच्या पुंगे भागात, घरांच्या दाटीत, एक अख्खी बार्ज उभी आहे. पीएलटीडी अपुंग तिचं नाव. समुद्रात तरंगत राहून शहराला वीज पुरवणारं हे २६०० टनांचं धूड २६ डिसेंबर २००४च्या सकाळी उले ल्हेच्या किनाऱ्याला बांधलेलं होतं. त्सुनामीच्या लाटेने ते उचललं आणि दोन-तीन किलोमीटर आत, लोकांच्या घरांवर आणून टाकलं. आता तिच्याभोवती बाग आहे, चढायला जिने आहेत, शाळांच्या सहली येतात. वरच्या डेकवरून समुद्र दिसतो, पण इतका लांब की तो इथवर आला होता यावर विश्वास बसत नाही. खाली घरं आहेत. दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, अंगणात मुलं खेळत असतात.

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरचं हे शहर बघायला येणारा प्रत्येक जण आधी इथे येतो. मग लाम्पुलोला जाऊन एका घराच्या माथ्यावर बसलेली मासेमारी बोट बघतो. त्या बोटीत चढून ५९ माणसं वाचली. मग त्सुनामी म्युझियम, मग सामूहिक कबरी. मीही याच क्रमाने फिरले. शहर आपलं दुःख किती नीट सांभाळतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी खांब उभे केलेत, तिथे पाणी किती उंच चढलं होतं ते दाखवणारे. एका खांबापाशी एक बाई भाजी विकत होती. पाण्याची खूण तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती.

पण फिरता फिरता लक्षात यायला लागलं, की या शहरावर दोन संकटं येऊन गेली आणि खांब फक्त एकाचेच आहेत.

आधी लाटेविषयी. त्या रविवारी आठ वाजायच्या सुमारास समुद्राच्या तळाशी ९.१ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला. शहर मिनिटानुमिनिटं हलत राहिलं. लोक घराबाहेर आले, पडझड बघत रस्त्यावर उभे राहिले. त्सुनामी म्हणजे काय हे तिथल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. वीसेक मिनिटांनी लांबून ओरडा आला, समुद्राचं पाणी चढतंय. पुढचं जगाने टीव्हीवर पाहिलं. एकट्या आचे प्रांतात दीड लाखाहून जास्त माणसं गेली, पाच लाखांच्या आसपास बेघर झाली. बांदा आचे शहराने आपल्या माणसांतला जवळजवळ चौथा हिस्सा गमावला. सिरोनच्या सामूहिक कबरीत हजारो माणसं बिननावाची पुरली आहेत. उले ल्हेच्या कबरस्तानात मोठ्या माणसांची जागा वेगळी, लहान मुलांची वेगळी. हिरवळ उत्तम राखलेली आहे. लोक एखादा कोपरा मनाने धरतात आणि तिथे बसून दुआ मागतात. आपलं माणूस नक्की तिथेच असेल असं नाही, पण कुठेतरी बसायला तर हवं.

ऑक्सफॅम या मदतसंस्थेने २००५ साली काही गावांची पाहणी केली. शहरालगतच्या आचे बेसार जिल्ह्यातल्या चार गावांत वाचलेल्यांमध्ये बायका पुरुषांच्या जेमतेम एक तृतीयांश होत्या. कारणं ऐकली की पोटात कालवतं. रविवार होता. पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात होते, आणि तिथे लाट होडीखालून नुसती सरकून जाते. कुणी कामाला बाहेर गेले होते. बायका घरी, मुलांजवळ. पोहता येणारे बरेचसे पुरुष, झाडावर चढता येणारेही पुरुष, आणि बायकांच्या दोन्ही हातांत पोरं. म्हणून त्यानंतरची काही वर्षं बांदा आचेच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये विधुरांची होती. ज्याला कधी भात शिजवायची वेळ आली नव्हती तो बाप्या उरलेल्या एका मुलासाठी चूल मांडत होता. पुढे पुष्कळ लग्नं झाली. एका लाटेने विधवा केलेली बाई आणि त्याच लाटेने विधुर केलेला माणूस, दोघांच्या भिंतींवर आधीच्या संसाराचे फोटो शेजारीशेजारी. शहर सावरलं असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पूल आणि रस्ते येतात. मला ती लग्नं आधी आठवतात.

आता दुसरं संकट. लाट आली तेव्हा आचेत युद्ध चालू होतं. हसन दी तिरो यांनी १९७६च्या डिसेंबरमध्ये आझाद आचे चळवळ उभी केली. लोक तिला गाम म्हणतात. लोकसेउमावेजवळच्या अरुण वायुक्षेत्रातून अमाप पैसा निघत होता आणि तो जकार्ताला जात होता, हा राग तिच्या मुळाशी होता. पण तेवढाच नाही. डचांशी कित्येक दशकं लढलेल्या आणि आपला मान जपणाऱ्या प्रांताला आपल्याला फसवलं गेलं असं वाटत होतं. १९८९ पासून १९९८ पर्यंत हा लष्करी मोहिमेचा प्रदेश होता. मग थोडी उसंत, डिसेंबर २००२ मध्ये शस्त्रसंधी, आणि मे २००३ मध्ये ती मोडून थेट मार्शल लॉ. त्या मे महिन्यात काही दिवसांत शेकडो शाळा जळाल्या. लष्कर म्हणे गामने जाळल्या, गाम म्हणे लष्कराने. सामान्य माणसाला लाल-पांढऱ्या झेंड्याच्या रंगाचं खास ओळखपत्र जवळ बाळगावं लागे. ते हरवलं तर नाक्यावर काय होईल याचा भरवसा नव्हता. जवळजवळ तीस वर्षांत साधारण पंधरा हजार माणसं मेली, त्यातली बरीचशी कुठल्याच बाजूने न लढणारी.

म्हणजे लाट आली ती आधीच घायाळ असलेल्या शहरावर. परदेशी माणसांना प्रांतात जवळजवळ बंदीच होती. लाटेनंतर दोन-तीन दिवसांत दारं उघडावी लागली आणि जगभरची विमानं, जहाजं, डॉक्टर, पत्रकार त्या बंद घरात एकदम शिरले.

इथून ती गोष्ट सुरू होते, जी आचेविषयी सगळीकडे सांगितली जाते: त्सुनामीने शांतता आणली. एवढ्या मरणापुढे बंदुका खाली ठेवाव्याशा वाटल्या. ऐकायला फार बरं वाटतं. मेलेल्यांच्या मरणाला काही अर्थ मिळाल्यासारखं वाटतं, म्हणून स्वतः आचेचे लोकही ते बोलतात, आणि त्यांच्यापुढे वाद घालायची माझी छाती नाही. पण मला हे पटत नाही.

एक तर बोलण्यांची तयारी लाटेच्या आधीच चालू होती. उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काल्ला यांची माणसं कित्येक महिने गुपचूप धागे जुळवत होती, आणि फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी यांना मध्ये घ्यायचं डिसेंबर २००४ मध्ये, लाट यायच्या आधीच ठरत आलं होतं. गाम रानात थकली होती, लष्करावरचा खर्च जकार्ताला डोईजड झाला होता. लाटेने घाई आणली, जगाचे डोळे आणले, माघार घ्यायला दोन्ही बाजूंना सन्मानाचं कारण दिलं. हे काही थोडं नाही. तरीही लाटेनंतरच्या पहिल्या महिन्यांत डोंगरात चकमकी चालूच होत्या. पाच फेऱ्यांच्या वाटाघाटी होऊन १५ ऑगस्ट २००५ला हेलसिंकीत करार झाला तेव्हा, आणि तेव्हाच, बंदुका थांबल्या. गामने स्वातंत्र्याची मागणी सोडली. जकार्ताने स्वशासन आणि प्रांतापुरते राजकीय पक्ष मान्य केले. वर्षअखेरीपर्यंत गामची ८४० शस्त्रं युरोप आणि आसियानच्या निरीक्षकांसमोर कापून टाकली गेली, आणि बाहेरून आणलेलं सैन्य परत गेलं.

दुसरं म्हणजे, तीच लाट त्याच सकाळी श्रीलंकेलाही पोचली होती. तिथेही युद्ध होतं, तिथेही पूर्व आणि उत्तर किनाऱ्यावर तमिळ, मुस्लिम, सिंहली सगळेच बुडाले. देशभरात पस्तीस हजारांच्या वर माणसं गेली. मुल्लैतीवू जवळजवळ पुसलं गेलं. मदतीचं वाटप सरकारने आणि लिट्टेने मिळून करावं असा करार जून २००५ मध्ये झालाही. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या कळीच्या तरतुदी स्थगित केल्या. २००६ मध्ये लढाई पेटली आणि २००९च्या मे महिन्यात तिचा शेवट त्याच मुल्लैतीवूच्या वाळूत, अडकलेल्या सामान्य माणसांच्या देखत आणि त्यांच्या अंगावर झाला. पाणी एकच होतं. एका किनाऱ्यावर माणसांनी करार पाळला, दुसऱ्यावर पाळला नाही. शांततेचं श्रेय लाटेला दिलं की ज्यांनी ती केली त्यांचे कष्ट पुसले जातात आणि ज्यांनी ती होऊ दिली नाही ते सुटतात.

या दोन्ही गोष्टी ज्याच्या आयुष्यात एकत्र आल्या असा एक माणूस आहे. इर्वांदी युसूफ. मूळचे पशुवैद्यक, नंतर गामचे प्रवक्ते, आणि लाट आली तेव्हा बांदा आचेच्याच कुदाह तुरुंगात कैदी. तुरुंगात पाणी भरलं तसे ते वरच्या मजल्यावर चढले, छत फोडून बाहेर पडले. त्या तुरुंगातले बहुतेक कैदी बुडाले. दोन वर्षांनी, डिसेंबर २००६ मध्ये, ते आचेचे निवडून आलेले गव्हर्नर होते. हा किस्सा इथेच थांबवायचा मोह होतो, पण पुढे २०१८ मध्ये लाचेच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि शिक्षाही झाली. खऱ्या माणसांची आयुष्यं अशीच असतात.

पुनर्बांधणीबद्दल मात्र मनापासून कौतुक करावंसं वाटतं. सरकारने एप्रिल २००५ मध्ये बीआरआर नावाची यंत्रणा उभी केली, तिची सूत्रं कुंतोरो मांकुसुब्रोतो यांच्याकडे दिली, आणि मुख्य म्हणजे तिचं कार्यालय जकार्तात न ठेवता बांदा आचेत ठेवलं. चार वर्षांची मुदत घालून दिली. एप्रिल २००९ मध्ये ती खरोखरच बंद झाली. मुदत संपल्यावर बंद झालेलं सरकारी खातं विरळाच. तोवर सगळ्यांनी मिळून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास घरं बांधली होती.

पण घर बांधायचं तर जमीन कुणाची? हे कोडं मला सगळ्यात जास्त गुंतवून टाकतं. शेजारी मेलेला, कुंपण गेलेलं, झाड गेलेलं, काही ठिकाणी तर जमीनच खचून समुद्राखाली गेलेली. जमिनीच्या नोंदवह्या चिखलात भिजून लगदा व्हायच्या बेतात होत्या. त्या जकार्ताला नेऊन अक्षरशः गोठवून ठेवल्या आणि जपानच्या मदतीने एकेक करून सुकवून वाचवल्या. पण कित्येकांच्या जमिनीची वहीत कधी नोंदच नव्हती. मग प्रत्येक गामपोंगमधल्या, म्हणजे गावातल्या, वाचलेल्या माणसांनी एकत्र बसून आपल्या हद्दी आखल्या. इथे अमक्याचं अंगण संपत होतं, इथे नारळ होता, इथून वाट जायची. शेजाऱ्याने सही करायची. शेजारी नसेल तर त्याच्या वारसाने, आणि वारस लहान असेल तर त्याचा पालक कोण हे आधी शरिया न्यायालयाकडून ठरवून. ज्यांच्या हद्दी आखल्या त्यांतले किती तरी जण जगात नव्हते, आणि त्यांच्या वाट्याचा इंचही कुणी गिळू नये म्हणून जिवंत माणसं उन्हात दोऱ्या धरून उभी होती. सगळीकडे हे इतकं निर्मळ झालं असेल असं मी म्हणणार नाही. भांडणं झाली, अनाथांच्या जमिनी नातलगांनी लाटल्याही. पण लाम्बुंगसारख्या गामपोंगमध्ये लोकांनी पळून जाता यावं म्हणून रुंद रस्ते हवेत असं ठरवलं आणि आपापल्या जागेतून थोडी थोडी जमीन सोडली. तिथे आज सरळ, रुंद रस्ते आणि चढून जीव वाचवायची उंच इमारत आहे.

सरकारची मूळ कल्पना वेगळीच होती: किनाऱ्यापासून दोन किलोमीटरपर्यंत कुणी राहायचंच नाही. कोळ्यांनी ती धुडकावली. ज्या समुद्राने घर नेलं त्याच्याच काठाशी परत जायचा हट्ट बाहेरच्याला वेडेपणा वाटतो. पण त्यांचं पोट तिथे होतं, मेलेली माणसं तिथे होती. सरकारला ती कल्पना सोडावी लागली. मला त्यात लोकांची जीत दिसते आणि भीतीही वाटते. ११ एप्रिल २०१२ला ८.६चा भूकंप झाला तेव्हा हजारो माणसं मोटारसायकली घेऊन एकदम रस्त्यावर आली आणि रस्ते तुंबले. जीव वाचवायला बांधलेल्या इमारतींकडे फार थोडे वळले. त्या दिवशी मोठी लाट आली नाही, म्हणून निभावलं.

घराचा नमुना बहुतेकांना एकच, तिपे ३६. छत्तीस चौरस मीटर. ज्याचा दुमजली वाडा गेला त्यालाही तेवढंच, ज्याचं झोपडं गेलं त्यालाही तेवढंच. आज त्या वस्त्यांतून चाललं की मूळचं छत्तीस मीटरचं घर ओळखू येतं, आणि त्याला पुढे काढलेली पडवी, मागे ओढलेलं स्वयंपाकघर, वर चढवलेला मजला, एका कोपऱ्यात थाटलेलं दुकान. ते घर बाहेरच्यांनी दिलेलं होतं, पण त्यावर चढवलेली प्रत्येक वीट त्या कुटुंबाची स्वतःची आहे.

आणि रात्र. बांदा आचे रात्री जागं असतं. कॉफीवाला कापडी गाळणी हात उंच करून ओढतो, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कॉफीची लांब धार पाडतो, आणि टेबलांभोवती पोरंपोरी, म्हातारे, अख्खी कुटुंबं बसलेली. युद्धाच्या काळात अंधार पडला की रस्ते ओस पडत. समुद्राने घरं नेली, युद्धाने रात्र नेली होती. घरं परत मिळाल्याचे फलक गल्लोगल्ली आहेत. रात्र परत मिळाल्याचा एकही नाही.

मला फिरवणारा बेचाकवाला (बेचाक म्हणजे मोटारसायकलला जोडलेली रिक्षा) मूळचा पिदीकडचा, आतल्या भागातला. लाट आली तेव्हा तुम्ही कुठे होता, हे मी त्याला विचारलं, जसं सगळेच विचारतात. तो डोंगरात होता. त्याच्या घराला पाणी लागलं नाही. त्याचं घर लाटेच्या दीड वर्ष आधी जळलं होतं, आणि थोरल्या भावाला रात्री उचलून नेलं ते तो परत आलाच नाही. हे सगळं त्याने गाडी चालवता चालवता, जेवढ्यास तेवढं सांगितलं. त्या घरासाठी त्याला पुष्कळ वर्षांनी थोडी रोख रक्कम मिळाली. शहरात आल्यावर त्सुनामीची घरं उभी राहताना तो रोज बघायचा. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट किनाऱ्यावरच्यांचं दुःख मोठं, हे त्यानेच दोनदा म्हटलं.

त्याचं सांगणं एकट्याचं नाही. जगभरातून आलेला पैसा लाटेसाठी होता, आणि देणाऱ्यांनी पावती लाटेची मागितली. किनाऱ्याची पट्टी झपाट्याने उभी राहिली. पिदी, बिरुएन, उत्तर आचेच्या आतल्या गावांत, जिथे लाट पोचलीच नव्हती पण तीस वर्षं गोळीबार पोचत होता, तिथे फार कमी पोचलं. २००६ मध्ये आयओएम या आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने आणि हार्वर्डच्या डॉक्टरांनी याच तीन जिल्ह्यांत पाहणी केली. मारहाण, छळ, डोळ्यांदेखत झालेल्या हत्या यांतून गेलेली असंख्य माणसं मनाने किती मोडली आहेत ते तिच्यातून पुढे आलं. नैसर्गिक आपत्तीतल्या माणसाला मदत करताना कुणाला काही विचारावं लागत नाही. युद्धात मोडलेल्या माणसाला हात द्यायचा तर कुणी मोडलं हे विचारावं लागतं. तिथे सगळ्यांचे हात आखडतात.

म्युझियममधून बाहेर पडताना हे फार टोचलं. बांदुंगचे वास्तुशिल्पकार रिद्वान कामिल यांनी केलेली ती इमारत २००९ मध्ये उभी राहिली. आत शिरताच अरुंद, अंधारी वाट, दोन्ही बाजूंना उंच भिंतींवरून पाणी ओघळतंय, त्याचा आवाज कानांत भरतो. पुढे विहिरीसारखी गोल खोली, भिंतीभर मृतांची नावं. त्या खोलीत मला उभं राहवलं नाही, आणि तरी निघवतही नव्हतं. इतकं मोठं दुःख इतक्या आदराने मांडता येतं हे बघून मी भारावले. मग वाटलं, बेचाकवाल्याच्या भावाचं नाव कुठल्या भिंतीवर आहे?

पिदीत रुमोह गुदोंग नावाचा एक जुना लाकडी वाडा होता. लष्करी मोहिमेच्या वर्षांत तो छळछावणी झाला. १९९८ मध्ये जमावाने तो जाळला. जोतं, जिना, भिंतींचे तुकडे उरले होते, आणि त्या छळातून वाचलेली माणसं तिथे जात असत. जून २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो तिथे आले, देशातल्या जुन्या गंभीर अत्याचारांची न्यायालयाबाहेर भरपाई करण्याची सुरुवात त्यांनी तिथून केली. त्या भेटीच्या तयारीत उरलेले बहुतेक अवशेष पाडून जागा सपाट केली गेली. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्यांनी आरडाओरडा केला, पण तोवर ते झालं होतं. लाटेने घरावर चढवलेली होडी जिथल्या तिथे जपणाऱ्या प्रांतात हे झालं.

हेलसिंकीच्या करारातच सत्य आणि समेट आयोगाचं कलम होतं. प्रांतिक कायदा व्हायला २०१३ उजाडलं, आयुक्त नेमायला २०१६. तरीही त्या आयोगाच्या माणसांनी तुटपुंज्या पैशात गावोगाव हिंडून पाच हजारांहून जास्त लोकांच्या साक्षी लिहून घेतल्या. उन्हात दोऱ्या धरून हद्दी आखणाऱ्यांच्या कामाइतकंच हे काम मोठं आहे असं मी मानते. आचेला मिळणारा खास स्वायत्ततेचा निधी २०२७ पर्यंतच आहे, आणि एवढा पैसा येऊनही हा प्रांत सुमात्रातल्या सगळ्यात गरिबांपैकी आहे. निधी संपायच्या आत त्यातला थोडा तरी त्या साक्षींवर खर्च व्हावा. त्या छापल्या जाव्यात, प्रत्येक गामपोंगच्या मुनासामध्ये, म्हणजे गावाच्या नमाजघरात, एक प्रत असावी, ज्यांनी सांगितलं त्यांची परवानगी असेल तिथे नावासकट. ज्यांचा शोध अजून लागलेला नाही अशांच्या घरच्यांना निदान कुठे बसून दुआ मागायची तेवढी जागा दाखवली जावी. सिरोनला बसणाऱ्यांना ती मिळाली आहे.